घासाघीस नसलेलं घर

“पहिला भाव कधी खरा सांगायचा नाही. खरा भाव म्हणजे घरातला दागिना. तो पेटीत ठेवायचा आणि बाजारात पितळ मिरवायचं.”

बापाला जाऊन किती पावसाळे झाले, पण म्हाताऱ्याच्या कानात हे वाक्य काल सांगितल्यासारखं ताजं होतं. तेव्हा तो बैलाच्या पोटाखालून न वाकता जाईल एवढाच होता. गुरांच्या बाजारात बापाने बोट धरून सांगितलं आणि त्याने ते गाठीला बांधलं. पुढे जन्मभर त्याने गुरांची दलालीच केली. भाकड म्हैस ‘जरा विसावा घेतेय’ म्हणून खपवली, लंगडा बैल ‘ठुमकत चालतो’ म्हणून. देवाने एकेकाला एकेक दान दिलेलं असतं. याला आवाज दिला होता. बाजाराच्या या टोकाला तो बोलला की त्या टोकाची गुरं कान हलवायची. लोक त्याला नगारा म्हणत. नात झाली ती चणीनेही बारीक आणि आवाजानेही बारीक, म्हणून तिला आपोआपच टिमकी नाव पडलं. नगाऱ्याची घाई तिथे टिमकीचं काय, असं म्हणून शेजारी हसत. टिमकी काही बोलत नसे. आजोबा घरात असताना बोलायला जागाच उरत नसे.

त्या वर्षी गुरांना लाळ-खुरकूत आली. जनावरं तोंडातून तार गाळत उभी राहू लागली, आणि वरून हुकूम आला की बाजार बंद. बाजार नसलेला दलाल म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडवात उरलेला वाजंत्री. काही दिवस नगाऱ्याने ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्याच शेळीचे गुण ऐकवले. मग कुणी त्या वाटेने येईना, तेव्हा तो घायपाताच्या वाखाचे दोर वळायला बसला. पायाच्या अंगठ्यात टोक अडकवायचं आणि तळहातावर पीळ देत मागे सरकायचं. जन्मभर दुसऱ्याच्या हातात हात देऊन मऊ राहिलेले त्याचे तळवे दोनच दिवसांत फोडांनी भरले. सून संध्याकाळी त्यांना तेल लावी आणि म्हणे, “मामंजी, दोर थोडा वळा, पण हाताची कातडी ठेवा.”

मुलगा लांबच्या रस्त्यांवर ट्रक चालवी. ट्रकाची वाट गावावरून गेली तरच घरी येई. तेव्हा घराचा भार सुनेवर आला. ती गोठेवाल्याकडे वैरण कापायला जाऊ लागली, आणि शाळा सुटली की टिमकी तिथेच दुधाच्या कॅन घासायला. गोठेवाला म्हणजे नगाऱ्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याचा गोठा एवढा लांब होता की पहिल्या म्हशीला शेवटची म्हैस माहीत नसावी. चेहऱ्याने माणूस दुधासारखा, बोलणं सायीसारखं. पण कॅन सांडली, घासायला उशीर झाला, की तो टिमकीला पेंडीच्या खोलीत कोंडायचा आणि गुरं बांधायच्या दाव्याने, ते पाण्यात भिजवून, मारायचा. भिजलेल्या दाव्याचा आवाज फार होत नाही.

न्हाऊ घालताना सुनेला पोरीच्या पाठीवरचे वळ दिसले. काही जुने, काही ओले. ती ओरडली नाही, रडली नाही. पोरीला कपडे घातले, तिचा हात धरला आणि सरळ पोलीस चौकी गाठली. दुसऱ्या हातात दाराशी टेकवलेला विळा नकळत आला होता. हवालदार आधी उभा राहिला, मग मागे सरला, मग म्हणाला की बाई, तक्रार लिहून घेतो, पण आधी ते खाली ठेवा. सुनेने हाताकडे पाहिलं तेव्हा तिला कळलं. पुढे कितीतरी दिवस चौकीत तिचं नाव ‘विळेवाली’ असंच चाललं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे तिची कामं जरा लवकरच झाली.

नगारा त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. लोकांना वाटलं, धक्का बसला.

खटला उभा राहिला. चौकीतल्या पोलीसबाईने सांगितलं की पोरीला कोर्टात उभं राहावं लागणार नाही, शहरात मुलांसाठी वेगळं केंद्र आहे, तिथूनच ती बोलेल. नगाऱ्याचा आवाज तोवर परत आला होता. तो सगळ्यांना सांगत सुटला की आमच्या पोरीसाठी सरकारने वेगळं कोर्ट बांधलंय. सुनेने त्याला दारातून आत ओढलं आणि बजावलं की मामंजी, ही गोष्ट चव्हाट्यावर मांडायची नाही. त्याने आवाज खाली आणला, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंतच जाईल इतका.

केंद्र एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत होतं. पाटी नव्हती, पहारेकऱ्याला गणवेश नव्हता. आत भिंतींना फिका रंग, जमिनीवर गाद्या, बुटक्या खुर्च्या, एका काचेच्या पेटीत मासे. नगाऱ्याने सवयीने सगळं न्याहाळलं आणि मासे जरा अशक्त आहेत असं मत दिलं. मुलांना बोलतं करणाऱ्या तिथल्या ताईंचा आवाज इतका हळू होता की तो ऐकायला नगाऱ्याला गप्प व्हावं लागे, आणि हे त्याला नवीन होतं.

ताईंनी खोली दाखवली. इथे पोर बसेल. समोर टीव्हीसारखा पडदा असेल, त्यात न्यायाधीशबाई दिसतील. गोठेवाला तिला दिसणार नाही. त्याच्या वकिलाचे प्रश्न आधी न्यायाधीशबाईंकडे जातील, मग ताईंच्या कानातल्या बटणात येतील, आणि ताई ते मऊ शब्दांत पोरीला विचारतील. आई कोपऱ्यात बसू शकेल, पण बोलणार नाही. आजोबा बाहेर. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: पोरीला घरी काही शिकवायचं नाही.

“छे, छे,” नगारा म्हणाला, आणि काचेच्या पेटीतला एक मासा दगडामागे गेला.

घरी येऊन त्याने दुसऱ्याच दिवशी शिकवायला सुरुवात केली.

त्याच्या मते त्यात वावगं काहीच नव्हतं. तो दोर वळत होता, टिमकी पुढे बसून वाखाच्या बटा पुरवत होती. त्याने तिला समजावलं की समोरचा वकील म्हणणार, मारलंच नाही. तो शून्यावरून सुरू करणार. आपण दाव्यावरून सुरू केलं तर मधल्या मधे चापटीवर ठरेल, आणि चापटीला कोण शिक्षा करतं. म्हणून आपण साखळीवरून सुरू करायचं. लोखंडी साखळी. मग ओढाताण होत होत बरोबर दाव्यावर येऊन थांबेल. गोठ्याचं काम सुटल्यापासून सून दुसऱ्यांच्या शेतात वैरण कापी; भारा टाकून ती आत आली तेव्हा हे तिच्या कानावर पडलं. ती म्हणाली, केंद्रातल्या ताईंनी काय सांगितलं होतं. नगारा म्हणाला की ताई देवमाणूस आहे, पण तिने कधी म्हैस विकलीय का.

टिमकी शहाणी पोर. तिने शेळीला न्यायाधीशबाई केलं आणि तिच्यापुढे साखळी, साखळी म्हणत सराव केला. शेळीने रवंथ करत सगळं मान्य केलं.

पुढच्या खेपेला ताईंनी पोरीला एकटीला गादीवर बसवलं. सुनेला दाराशी बसू दिलं, म्हणून पुढचं सगळं सुनेच्या तोंडून कळलं. न्यायाधीशबाईंना आधी हे पाहायचं असतं, की मुलाला खरं-खोटं कळतं का. त्याचा सराव म्हणून ताईंनी पुढच्या पिवळ्या टेबलावर हात ठेवला आणि विचारलं की मी हे टेबल लाल आहे असं म्हटलं, तर ते खरं की खोटं.

टिमकीने नीट विचार केला. “तुम्ही लाल म्हणा. मी पांढरं म्हणते. मग गुलाबीवर ठरेल.”

“पण टेबल तर पिवळं आहे,” ताई म्हणाल्या.

“ते पेटीत ठेवायचं.”

ताईंनी आजोबांना आत बोलावलं.

आत मोठी खुर्ची नव्हती. नगारा बुटक्या खुर्चीत बसला, म्हणजे खुर्चीने त्याला धरलं. गुडघे कानांच्या पातळीला आले. ताई समोर गादीवर बसल्या होत्या, त्यामुळे दोघांची उंची सारखी झाली, आणि कुणाच्या उंचीला यावं लागणं ही दलालासाठी फार वाईट सुरुवात असते. त्याने आपली साखळी आणि दावं यांची सगळी रीत ताईंना सविस्तर सांगितली. न लपवता, उलट थोड्या अभिमानानेच. ताईंनी पूर्ण ऐकून घेतलं. त्याला वाटलं, पटलं.

“आजोबा,” त्या म्हणाल्या, “डॉक्टरांनी तपासून दोराचे वळ आहेत असं सांगितलंय. पोर साखळी म्हणाली, की वकील एवढंच म्हणेल, साखळी खोटी, म्हणजे दोरही खोटा. इथे कुणी मधे येऊन थांबत नाही. एक गोष्ट खोटी निघाली की सगळा माल परत.”

माल परत हे शब्द नगाऱ्याला लागले. त्याच्या उभ्या जन्मात एकदाच माल परत आला होता आणि त्या दिवशी तो बाजाराच्या मागच्या वाटेने घरी गेला होता.

“मग मी तिला सांगतो, दावं म्हण.”

“तेही सांगायचं नाही.”

“मग सांगू तरी काय?”

“‘घडलं ते सांग,’ एवढंच म्हणा.”

एवढं छोटं बोलून आपण कधी थांबलो होतो का, हे नगाऱ्याला आठवेना. तो उठला, तर खुर्चीही उठली. पहारेकऱ्याने मागून खुर्ची धरली, ताईंनी पुढून हात धरले, आणि खेचाखेच करून त्याला मोकळं केलं. टिमकीने तोंडावर ओंजळ धरली होती. तिचे खांदे हलत होते. घरात गेले कित्येक दिवस त्या पोरीचे खांदे हलताना दिसले होते ते वेगळ्या कारणाने. नगाऱ्याने कंबर चोळत मनात म्हटलं, असू दे, एवढ्याला खुर्ची चांगली.

परतताना बस रिकामीच होती. सून पुढच्या बाकावर बसल्या बसल्या पेंगली. पहाटेपासून वैरण कापून मान वर ठरत नव्हती. नगारा नातीशेजारी बसला. किती तरी वेळ तो खिडकीबाहेर बघत वाक्य जुळवत होता. मोठ्या मुश्किलीने म्हणाला, “मी शिकवलं ते चुकलं. ते टाकून दे. घडलं ते सांग.”

“सगळं?”

“सगळं.”

टिमकी बसच्या गजावरचा निघालेला रंग नखाने खरवडत होती. “मी तुम्हाला सांगितलं होतं, तेही?”

बस खड्ड्यातून गेली. सून जागी झाली नाही. नगाऱ्याला ती दुपार आठवली. खरं तर तो ती कधी विसरलाच नव्हता. तो दोर वळत होता आणि पोर येऊन म्हणाली होती की आजोबा, तो दाव्याने मारतो, मी जाणार नाही. आणि तो पीळ न सोडता म्हणाला होता की मोठा माणूस आहे, बाजार सुरू झाला की आपलं सगळं त्याच्यावर आहे, तोवर थोडं सोस. पोर गेली होती. त्यानंतर जितके वळ उठले ते या वाक्यानंतरचे होते. साखळीचं इतकं मोठं पितळ त्याने कशासाठी मिरवायला काढलं होतं, हे त्याला तिथे, बसमध्ये, पहिल्यांदा नीट दिसलं.

“तेही,” तो म्हणाला.

“मग तुम्हाला विचारलं तर?”

“तर मीही सांगेन.”

“नक्की?”

पोरीने हात पुढे केला, बाजारात सौदा पक्का झाला की करतात तसा. तिचा हात त्याच्या फोडांच्या तळव्यात मावून वर जागा उरली.

साक्षीच्या दिवशी सून आत कोपऱ्यात, नगारा बाहेर माशांपाशी. त्याला गप्प बसायला सांगितलं होतं आणि तो मनापासून गप्प बसलाही होता. पण पहारेकऱ्याने सहज विचारलं की बाबा, माशांना काय झालंय, तर त्याने पहारेकऱ्याच्या कानात, अगदी हळू, आपलं मत सांगितलं. थोड्या वेळाने आतून निरोप आला: न्यायाधीशबाई पडद्यातून विचारत आहेत, की खोलीत माशांविषयी कोण बोलतंय. नगाऱ्याला अंगणात नेऊन बसवलं. तिथे स्वस्थ बसवेना म्हणून त्याने कुंपणाकडेचं गवत उपटायला घेतलं. मुळासकट. साक्ष संपली तोवर केंद्राचं सगळं अंगण स्वच्छ झालं होतं आणि त्यात ताईंनी हौसेने लावलेली काही फुलझाडंही गेली होती.

टिमकी बाहेर आली ती थकलेली, पण मान वर. ताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उपटलेल्यातलं एक रोप उचलून पुन्हा मातीत खोचलं.

सुनेने मात्र त्याच्याकडे पाहिलंच नाही. घरी पोहोचून, पोर झोपल्यावर तिने थोडक्यात सांगितलं. वकिलाने विचारलं की एवढं मारत होता तर घरी का नाही सांगितलं. पोर म्हणाली, सांगितलं होतं, आजोबांना. ते म्हणाले, बाजार सुरू होईपर्यंत सोस. मग सुनेने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, “वकील म्हणाला, ही थाप आहे. आजोबांनाच बोलावू, ते सांगतील की असं काही झालंच नाही.”

नगाऱ्याला वाटलं, आता ती विळा उचलेल. तिने ताट वाढलं. पण त्या दिवसापासून ताट जमिनीला जरा जोरात टेकू लागलं, पाण्याचा तांब्या हाताच्या पल्ल्याबाहेर ठेवला जाऊ लागला, आणि तळहातांना तेल लावायचं ती विसरू लागली. नगारा मुकाट्याने सरकून तांब्या घेई. मुलगा ट्रक घेऊन आला, तिने त्याला सांगितलं, तो रात्रभर बापाकडे पाठ करून झोपला आणि पहाटे निघून गेला. जाताना ट्रकचा भोंगा मात्र त्याने गरजेपेक्षा बराच वेळ वाजवला. घरात एवढंच काय ते भांडण झालं.

मग नगाऱ्याला कोर्टाचं बोलावणं आलं. आणि त्याच आठवड्यात हुकूम सुटला की रोग हटला, बाजार सुरू. दोन्हींचा दिवस एकच निघाला.

आदल्या संध्याकाळी बाजाराचा मुकादम ओसरीवर आला. गोठेवाल्याचा माणूस. चहा घेतला, शेळीचं कौतुक केलं, आणि मग मुद्द्यावर आला, की मालक या हंगामात सगळ्या कालवडी विकायला काढतायत, आणि त्यांच्या मनात आहे की त्या तुझ्याच हातून जाव्यात. तुला फार काही करायचं नाही. कोर्टात एवढंच म्हण, की आठवत नाही. म्हातारपणी विसरल्याबद्दल कुणी फासावर देत नाही.

नगारा दोर वळत होता. त्याने वाखाची नवी बट जोडली.

मुकादमाला वाटलं, भाव कमी पडला. तो म्हणाला, बरं, म्हशीही तुझ्याकडे. नगाऱ्याने तळहातावर पीळ दिला. मुकादम म्हणाला, बैलही. नगारा मागे सरकला, कारण दोर वाढला होता. मुकादम आणखी जवळ सरकला आणि म्हणाला की सुनेला गोठ्यावर पुन्हा काम, तेही सावलीतलं. जन्मात पहिल्यांदा नगाऱ्यासमोर एक माणूस एकटाच भाव चढवत होता आणि समोरून कुणीच घासाघीस करत नव्हतं. शेवटी घामाघूम होऊन मुकादम उठला. जाताना त्याच्या मनाने घेतलं की एवढं दिल्यावर कोण नाही म्हणेल, आणि समाधानाने म्हणाला, “तर मग ठरलं.”

सून दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. नगाऱ्याने ‘नाही’ म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं, आणि ‘हो’ म्हटलेलंही. तिला विचारायचं होतं, पण ती त्याच्याशी बोलत नव्हती, आणि अबोला मोडण्याची तिची अजून तयारी नव्हती. म्हणून तिने भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

सकाळी उजाडायच्या आधीच रस्त्यावर घुंगरांचा आवाज सुरू झाला. कितीतरी महिन्यांनी गुरं बाजाराला निघाली होती. धूळ दारापर्यंत आली. नगारा अंघोळ करून, हात जोडून, क्षणभर डोळे मिटून उभा राहिला. धुतलेला सदरा घातला. सुनेने कोपऱ्यातल्या बाजाराच्या काठीकडे पाहिलं. त्या काठीशिवाय तो कधी बाजाराला गेला नव्हता. त्याने काठीकडे पाहिलं, हात पुढे केला, मग मागे घेतला आणि नुसत्याच हातांनी चपला पायात सरकवल्या.

टिमकी उंबऱ्यावर शाळेची पिशवी घेऊन बसली होती. तिने आठवण करून दिली नाही. तिने फक्त पाय आत घेतले, त्याला जायला वाट करून दिली.

“येतो,” तो म्हणाला. शेजारच्या घरातसुद्धा ऐकू गेलं नाही.

फाट्यावर एक रस्ता बाजाराला जात होता आणि दुसरा शहराला, कोर्टाकडे. मुकादम तिथे कालवडींच्या कळपामागे उभा होता. त्याने लांबूनच हाक मारली, की इकडे, इकडे, सगळे तुझीच वाट बघतायत. नगाऱ्याने हाक ऐकल्याची खूण म्हणून हात वर केला आणि शहराच्या रस्त्याला लागला. समोरून बाजाराला येणारी गुरं त्याच्या दोन्ही बाजूंनी जात राहिली, चांगली पोसलेली, चमकत्या पाठीची, आणि तो मधून, एकाही पाठीवर हात न ठेवता, चालत राहिला.